देण्याचा प्रवेश

गर्गे वकिलांचं ऑफिस रविवार कारंज्याजवळ एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली पितळी भांड्यांवर नावं घालण्याची टकटक दिवसभर चाले आणि वर वकीलसाहेब त्या टकटकीवर आवाज चढवून बोलत. सत्त्याहत्तर साली, वत्सलाबाईंना जाऊन महिना होत आला तेव्हा, आम्ही त्या माडीवर जमलो होतो. आम्ही म्हणजे आमच्या मोडलेल्या नाटक कंपनीतली उरलीसुरली माणसं. मी चिमाजी, जन्मभर खलनायकाची कामं केलेला. पेटीवाले निवृत्ती मास्तर. दाराजवळ भिंतीला टेकून, हात छातीशी घट्ट बांधून उभी असलेली लंकाबाई. आणि खुर्चीवर वीस वर्षांची गोदा, वत्सलाबाईंची मुलगी.

वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मयत वत्सलाबाईंनी मृत्युपत्र केलेलं नाही. पंचवटीतलं दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली ठेव गोदावरीच्या नावावर व्हायची तर वारस दाखला काढावा लागेल. आणि तो काढायचा तर ही दत्तक मुलगी आहे, हे सिद्ध करावं लागेल. तर मला सांगा, दत्तक दिली कधी? कोणासमोर?"

मी छाती पुढे काढली. "कोणासमोर काय विचारता साहेब? हजार माणसांसमोर. बसायला जागा नसायची."

"एकदा नाही," निवृत्ती मास्तर म्हणाले. "गावोगाव दिली. मी स्वतः पेटीवर साथ केलीय."

"पेटीवर?" वकिलांनी चष्मा परत नाकावर घेतला. "थांबा. तुम्ही मला नाटकातला प्रवेश सांगताय का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "हो. पण सगळ्यांनी बघितलाय."

"चिमाजीराव, त्या नाटकाच्या शेवटी तुमचं काय व्हायचं?"

"मी मरायचो. विष पिऊन."

"मग तुमचाही वारस दाखला काढायचा का?"

गोदा खुदकन हसली. आम्हीही हसलो. लंकाबाई तेवढी हसली नाही.

लोकांना आमची ही चूक वेडेपणाची वाटेल. पण आमच्या दृष्टीनं ती चूकच नव्हती. नाटकात एक गरीब विधवा होती. सावकाराच्या जाचातून आपलं लेकरू वाचावं म्हणून ती ते जमीनदाराच्या निपुत्रिक बायकोच्या ओटीत घालते, असा तो प्रवेश होता. आम्ही त्याला 'देण्याचा प्रवेश' म्हणत असू. विधवेचं काम लंका करी, जमीनदारणीचं वत्सलाबाई. आणि लेकरू म्हणून लंकेचं खरं लेकरू, म्हणजे गोदा. ती लेकराला पुढे करायची तेव्हा कनातीतल्या बायका पदर तोंडात कोंबून रडत. आणि पुढे जन्मात तसंच घडलं, की गोदा वत्सलाबाईंची झाली. मग वेगळा विधी करावा असं कोणाच्या डोक्यात येणार? होतच होता रोज.

पण मला सांगायचंय ते लंकेबद्दल.

ती सटाण्याकडची. नवरा काळू आमच्याकडे पडदे ओढायचा. लग्न होऊन आली तेव्हा तिला स्टेजकडे मान वर करून बघायचीही लाज वाटे. ती कपडेपटात बसून कपडे सांधायची, दोरा दातानं तोडायची. एकदा दुय्यम नटी ऐन वेळी रुसून माहेरी गेली आणि वत्सलाबाई म्हणाल्या, "लंके, तुला सगळ्यांची भाषणं पाठ आहेत, ऊठ." खरंच होती पाठ. ती कपडे शिवता शिवता पुटपुटत असायची ते आम्ही स्तोत्र समजत होतो. ती उभी राहिली आणि शेवटच्या रांगेमागे उभ्या असलेल्या शेंगदाणेवाल्यानं फोडलेली शेंग तशीच हातात धरून ठेवली. एवढा तिचा आवाज होता.

गोदा पोटात होती तेव्हाच काळू तापानं गेला. लंकेनं बाळंतपणानंतर लवकरच तोंडाला रंग लावला, दुसरं काय करणार? बाहुलीऐवजी खरंच लेकरू घ्यायची कल्पना माझी. प्रवेश संपला की लंका विंगेत यायची, वत्सलाबाई तिच्या हातात मूल परत द्यायच्या, आणि ती तिथेच एका खोक्यावर बसून त्याला पाजायची. मी पुढच्या प्रवेशासाठी काळ्या मिशा लावून शेजारी उभा असायचो. "चिमाभाऊ, तिकडं तोंड करा, लेकरू घाबरतं मिशांना," असं ती म्हणायची.

गोदा वर्षाचीही नव्हती तेव्हा लंकेच्या खोकल्यातून रक्त पडलं. क्षय. डॉक्टरांनी दवाखान्यात राहायला सांगितलं आणि लेकराला जवळ घ्यायचं नाही अशी सक्त ताकीद दिली. त्या काळी त्या दवाखान्यात गेलेली माणसं परत येतात असं आम्ही धरत नव्हतो. वत्सलाबाई विधवा, त्यांनाही मूल नाही. त्यांनी गोदाला उचललं. लंका टांग्यात बसली ती तोंडावर पदर धरून, लेकरापासून लांब वाकून.

ती परत आली. नव्या औषधांनी म्हणा, तिच्या हट्टानं म्हणा, ती बरी झाली. पण तोवर गोदा चालायला, बोलायला लागली होती आणि वत्सलाबाईंना आई म्हणत होती. पुढे ती शाळेत गेली, नावापुढे वत्सलाबाईंचं नाव लागलं. लंका झाली मावशी. कंपनी बंद पडल्यावर लंकेनं पंचवटीतच, त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर खोली घेतली आणि शिवणाचं मशीन टाकलं. गोदाचे परकर-पोलके, शाळेचे गणवेश, सगळं त्या मशीनवर व्हायचं. माप घेण्याच्या निमित्तानं तिला गोदाच्या खांद्यावर हात ठेवता येत असे.

वत्सलाबाईंनी गोदापासून काही लपवलं नव्हतं. जाणती झाल्यावर तिला सांगितलं, की तुला जन्म लंकेनं दिला, पण ती फार आजारी होती, म्हणून तू माझ्याकडे आलीस. पोरीनं ते समजुतीनं घेतलं. एकदा माझ्या देखत तिनं लंकेला विचारलं, "मावशी, तू आजारी पडली नसतीस तर?"

"तर काय," लंका टीप घालता घालता म्हणाली, "तुला काखोटीला मारून गावोगाव हिंडले असते. शाळा नाही की काही नाही. अडाणी राहिली असतीस."

"राहिले असते," गोदा म्हणाली आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसली.

त्या आजारपणावर दोघींचं सगळं उभं होतं, हे लक्षात ठेवा.

कोर्टानं वर्तमानपत्रात नोटीस दिली, की कोणाची हरकत असल्यास हजर व्हावं. हरकत आली. वत्सलाबाईंचे धाकटे दीर बहिरू, चांदवडचे, कांद्याचा व्यापार करणारे. माणूस वाईट नव्हता. दर वर्षी भावजयीला कांद्याची गोणी पाठवायचा. पण बाईला मूल नसेल तर तिची मिळकत तिच्या नवऱ्याच्या माणसांकडे जाते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. पहिल्या तारखेला तो कोर्टाच्या व्हरांड्यात मला भेटला.

"राम राम सावकार," तो म्हणाला. माझं काम त्यानं पाहिलं होतं. "आता कोर्टातबी नाटक का?"

"नाटक कसलं बहिरूशेठ? पोरगी वहिनींचीच आहे."

"पोरीबद्दल माझं काय बी म्हणणं नाय. गुणाची हाय. पण तुमच्या लोकांचं काय खरं धरायचं? तुमच्यात मेलेला माणूस पडदा पडला की उठून बिडी वढतो."

मी त्याच्याकडूनच बिडी मागून घेतली.

साक्षीची तयारी करायला गर्गे वकिलांनी लंकेला आणि मला बोलावलं. गोदा त्या दिवशी नव्हती; तिची शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाची परीक्षा चालू होती.

"बाई," ते म्हणाले, "होमहवन झालं नसेल तरी चालेल. कायद्याला एवढंच हवं, की जन्मदात्या आईनं मूल दिलं आणि दुसरीनं घेतलं, आणि देताना कायमचं द्यायचं असं दोघींच्या मनात होतं. तुम्ही दवाखान्यात गेलात तेव्हा काय म्हणून दिलीत?"

"सांभाळायला," लंका म्हणाली.

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "सांभाळायला?"

"मी दवाखान्यात पडल्या पडल्या एकच ठरवत होते, की बरी झाले तर पहिल्या गाडीनं जाऊन लेकरू घ्यायचं. ते देणं कसं म्हणू?"

"मग दत्तक नाही. सांभाळायला दिलेलं मूल वारस होत नाही. शाळेचा दाखला आहे, पण तोही एवढंच सांगतो, की वत्सलाबाईंनी तिला वाढवलं." त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "घर दिराकडे जाईल, बाई. ठेवही."

"आणि गोदा?"

"गोदा आपली आहे तिथे. म्हणजे कुठेच नाही."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "लंके, मनमाडचं सांग."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या सगळ्या खलनायकी जन्मात तशा नजरेनं मला कोणी पाहिलं नसेल.

"तुम्ही होतात?"

"विंगेतच होतो. मिशा लावून."

मग तिनं सांगितलं. खाली मान घालून, वकिलांच्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत.

दवाखान्यातून सुटल्यावर ती सरळ मनमाडला आली, कारण आमचा मुक्काम तिथे होता. त्या दुपारी फक्त बायकांचा खेळ होता. रेल्वेवाल्यांच्या बायका पोराबाळांसकट कनातीत भरल्या होत्या, आणि मधेच इंजिनाची शिटी झाली की आमची भाषणं थांबत. वत्सलाबाई तिला बघून इतक्या हरखल्या, की म्हणाल्या, "आज तूच उभी राहा." लेकरू वाढलं होतं तसं नाटकातलं लेकरूही आम्ही वाढवलं होतं. देण्याचा प्रवेश झाला. लंकेनं गोदाला हाताला धरून पुढे केलं, वत्सलाबाईंनी कडेवर घेतलं. बायका रडल्या, पडदा पडला. वत्सलाबाई विंगेत आल्या. त्यांनी गोदाला दोन्ही हातांनी उचलून लंकेसमोर धरलं.

"घे," त्या म्हणाल्या. "तू बरी झालीस. तुझी तू घे. मी पुष्कळ सांभाळली."

गोदानं लंकेकडे पाहिलं आणि तिनं अशी किंकाळी फोडली, की बाहेरच्या बायकांना वाटलं पुढचा प्रवेश सुरू झाला. तिनं वत्सलाबाईंच्या गळ्यात हात घातले, पाय आखडून घेतले. लंकेचे हात पुढे आले होते. मी पाहिले. ते तसेच राहिले आणि मग हळूहळू मागे गेले. तिनं ते छातीशी बांधले.

"राहू दे ताई," ती म्हणाली. "तुमच्याजवळच राहू दे. आता तुमचीच."

"लंके, विचार कर."

"केला. दिली तुम्हाला."

वत्सलाबाईंनी तिला जवळ ओढली आणि तिघी तिथे रडत उभ्या राहिल्या, आणि मला एंट्री होती म्हणून मी हसत हसत स्टेजवर गेलो.

गर्गे वकील खुर्चीत पुढे सरकले. "अहो बाई, हे दत्तकच आहे. शब्द आहेत, देणं आहे, घेणं आहे, साक्षीदार आहे. हे आधी का नाही सांगितलंत?"

लंका उठली नाही. "गोदा कोर्टात असेल का?"

"अर्ज तिचाच आहे."

"तिला ठाऊक आहे की मी आजारी होते म्हणून दिली."

"मग?"

"साहेब, मनमाडला मी आजारी नव्हते."

वकिलांनी पेन उचललं होतं, ते त्यांनी पुन्हा खाली ठेवलं. त्यांना कळलं. मग ते म्हणाले, "मी तिला त्या वेळी बाहेर बसायला सांगेन." याहून जास्त कोणता वकील काय करील?

साक्षीच्या दिवशी गोदा पांढरी साडी नेसून आली होती. वकिलांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्याबद्दल बोलणार ना? मग मी का बाहेर?" आणि पुढच्या बाकावर बसली. लंकेनं ते पिंजऱ्यात उभी राहिल्यावर पाहिलं. मागे फिरायला जागा नव्हती.

जिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, तिचं बोलणं त्या दिवशी समोरच्या टायपिस्टला ऐकू येईना. न्यायाधीशांनी पंखा बंद करायला लावला. मग सगळ्यांना ऐकू आलं. गर्गे वकिलांनी हळुवारपणे विचारलं, तिनं सांगितलं. दवाखाना, मनमाड, विंग, वत्सलाबाईंचं "घे", आणि तिचं स्वतःचं "दिली". मी गोदाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी पाहिलं. ती एकदम सरळ बसली होती, वर्गात पहिल्या बाकावर बसतात तशी.

मग बहिरूचा वकील उठला. तरुण, तडफदार.

"बाई, त्या दिवशी तुम्ही पूर्ण बऱ्या होतात?"

"हो."

"काम करत होतात? पोट भरू शकत होतात?"

"हो."

"तुमची मुलगी तुमच्या समोर धरली होती. हात पुढे केला असता तर मिळाली असती?"

"हो."

"आणि तुम्ही घेतली नाही. स्वतःचं मूल समोर धरलं असताना आई घेत नाही, हे पटण्यासारखं आहे का?"

त्याला वाटलं, ती खोटं बोलतेय हे आता कोर्टाला कळेल.

"नाही पटण्यासारखं," ती म्हणाली. "पण नाही घेतली."

का, ते त्यानं विचारलं नाही. त्याचं ते काम नव्हतं. न्यायाधीशांनीही विचारलं नाही. मी बाकावर बसून तिला मनातल्या मनात शब्द पुरवत होतो. सांग, पोर किंचाळत होती. सांग, तिच्या पायातले वाळे थरथरत होते. सांग, तू कपडेपटातली आणि ताईंचा नावलौकिक आहे, म्हणून तिला शाळा मिळेल असं वाटलं. सांग ना. पण पिंजऱ्यातल्या माणसाला प्रॉम्प्टर नसतो. ती खाली उतरली.

माझी साक्ष झाली. वकिलांनी आधीच बजावलं होतं, की चिमाजीराव, आवाज खालच्या पट्टीत आणि भुवया जागेवर. मी तसंच बोललो. निकाल पावसाळ्यानंतर लागला, गोदाच्या बाजूनं. वारस दाखला मिळाला, ठेव मिळाली, घराला तिचं नाव लागलं. बहिरू कोर्टाच्या पायऱ्यांवर गोदाला म्हणाला, "जाऊ दे पोरी. आता पुतणीच झालीस, कांदे पाठवीत जाईन." आणि पाठवले त्यानं, शेवटपर्यंत.

लंकेला मात्र त्या दिवसापासून गोदा 'तुम्ही' म्हणायला लागली.

भांडण नाही, अबोला नाही. दिवाळीला साडी, संक्रांतीला तिळगूळ, मशीनला नवा पट्टा. पण येऊन पाठीला पाठ लावून बसणं संपलं. कपडेही ती बाहेर शिवायला लागली. कुठे मेनरोडला कोणी चांगला शिंपी मिळाला म्हणे. लंका मला एवढंच म्हणाली, "ब्लाउजचा गळा खोल करतो तो. तिला शोभत नाही."

मी एकदा हिय्या करून गोदाकडे गेलो. लंकेनं मला गळ्याची शपथ घातली होती, काही बोलायचं नाही म्हणून. मी म्हातारा नट, शपथा पुष्कळ मोडल्यात. मी सगळं सांगितलं. तू किंचाळलीस, तू वत्सलाबाईंना सोडेनास, तुला ओढून घ्यायची तिची छाती झाली नाही.

गोदा शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काका, मूल रडतंच. चार दिवस रडले असते. मग राहिले असते."

मी चपला घालून निघालो.

गोदाला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी वर्षाची असताना गोदाला कसल्याशा प्रशिक्षणासाठी बाहेरगावी राहावं लागलं. मूल सासूबाईंकडे ठेवलं. परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळीच लंकेच्या दारात उभी राहिली. मी तिथे चहा पीत होतो. गोदाच्या कडेवर मुलगी, डोळे सुजलेली, हुंदके देणारी, आणि गोदाच्या गालावर नखांचे ओरखडे.

"मावशी," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "काल घरी गेले. ही माझ्याकडे येईना. सासूबाईंना चिकटली. किंचाळली, बोचकारलं, मला बघून तोंड लपवलं."

लंका मशीनवरून उठली. तिचे हात पुन्हा छातीशी गेले.

"मला वाटलं मेले मी," गोदा म्हणाली. "खरंच वाटलं. तुमचे हात मागे का गेले ते मला कळलं." मुलीनं तिच्या खांद्यावर नाक पुसलं. "पण मी घेतली, मावशी. रडत होती तरी घेतली."

ती माफ करायला आली होती की बोल लावायला, हे तिचं तिलाही ठाऊक नसावं. लंकेनं त्या पोरीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "घ्यायचंच असतं."

मग तिनं स्टोव्ह पेटवला आणि पोरीसाठी दूध तापत ठेवलं. गोदा आत येऊन बसली. पोर जमिनीवर उतरली, मशीनच्या पायडलशी खेळायला लागली. दूध उतू गेलं तेव्हा दोघी एकदम उठल्या.

त्यानंतर गोदा येत राहिली. 'तुम्ही' काही सुटलं नाही. तोंडात बसलं होतं.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात लंका गेली. जुनं दुखणं छातीत पुन्हा आलं होतं. मी गर्गे वकिलांच्या माडीवर गेलो. ते आता थकले होते, खालचा टकटक करणारा कारागीर बदलला होता.

"लंकाबाईचं मशीन आहे, ट्रंक आहे, पोस्टात थोडंफार आहे," मी म्हणालो. "गोदाच्या नावावर होईल ना?"

त्यांनी मान हलवली. "दत्तक गेलेल्या मुलीचा जन्मदात्या आईच्या मिळकतीवर हक्क राहत नाही. मी त्यांना दोनदा म्हणालो, मृत्युपत्र करा, गोदाला देऊन टाका."

"मग?"

"त्या म्हणाल्या, त्यात गोदाचं नातं काय लिहायचं? मी म्हणालो, नातं लिहायलाच हवं असं नाही, नुसतं नाव लिहू. तर म्हणाल्या, मग नकोच." त्यांनी चष्मा पुसला. "काळूकडचं कोणी उरलेलं नाही, तेव्हा वारस आता सटाण्याचा भाचा. मी त्याला कळवलंय."

भाचा भिकन रविवारी आला. चाळिशीतला, भिडस्त माणूस. आत्याला त्यानं लहानपणी एकदाच पाहिलं होतं. त्याच्याबरोबर टेम्पो होता. गर्गे वकील स्वतः जिना उतरून, रिक्षानं आले होते, यादी करून सामान ताब्यात द्यायला. गोदा आधीपासूनच तिथे होती. ती खोली झाडून, मशीन पुसून, कोपऱ्यात उभी होती. हात छातीशी बांधून. तिला ती सवय कधी लागली, मला कळलं नव्हतं.

भिकननं ट्रंक उचलली, पुन्हा खाली ठेवली. "ती मनी आत्या शे," तो अवघडून आपल्या अहिराणीत म्हणाला, माझी आत्या आहे ती म्हणून, जणू कोणी त्याला हटकलं होतं. मग गोदाकडे वळला. "ताई, आपण कोण?"

गर्गे वकिलांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. ती लंकेची मुलगी उरली नाही हे भर कोर्टात, शपथेवर, आम्हीच ठरवून घेतलं होतं. तिनं काय म्हणायला हवं होतं ते आम्हा दोघांइतकं कोणाला ठाऊक असणार?

"मी मुलगी," गोदा म्हणाली. "आईचं मशीन तेवढं सांभाळून न्या. त्याचा पट्टा नवा आहे."

वकिलांनी यादीत मान घातली. मी दाराबाहेर टेम्पोकडे पाहत राहिलो. हरकत कोणी घेतली नाही. ज्या लंकेनं ती 'आई' या एका शब्दासाठी घेतली असती, आणि मग मागे घेतली असती, ती चार दिवसांपूर्वी गेली होती.

भिकन बराच वेळ मशीनवर हात ठेवून उभा होता. मग त्यानं टेम्पोवाल्याला सांगितलं, की फक्त ट्रंक न्यायची आहे.